गावकूलर

पळसघाटचे लोक उन्हाळ्याला घाबरत नसत. ते त्याला शिव्या देत, डोक्याला दुपट्टा गुंडाळत, खिशात कांदा टाकत आणि कामाला जात. पारा अठ्ठेचाळीसवर गेला की पुण्यामुंबईच्या नातेवाइकांना फोन करून आकडा सांगताना त्यांचा आवाज जरा फुगलेलाच असे. एवढी मिजास परवडायची ती कूलरमुळे. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, वरून ठिबकणारं पाणी आणि मागे घरघरणारा पंखा. तेवढ्यावर विदर्भाने कित्येक उन्हाळे काढले होते.

डोमाजी येरण्यांनी उभी हयात असे कूलर बांधण्यात घालवली. त्यांची सून वैजयंती इंजिनिअर होती. तिने एकेका घराची भानगडच ठेवली नाही, सगळ्या गावालाच एक कूलर बांधून दिला.

त्याचं सरकारी नाव 'झुळूक'. गाव त्याला गावकूलर म्हणे. जुन्या पेठेच्या चौकात एक उंच मनोरा, रस्त्यांच्या कडेने खांब, खांबांवर केसाएवढ्या भोकांच्या तोट्या आणि बाजाराच्या गल्ल्यांवर ताणलेल्या हिरव्या जाळ्या. टेकडीवरच्या टाकीतून पाणी उताराने पेठेत यायचं, तोट्यांतून धुक्यासारखं उडायचं आणि जमिनीवर पोचायच्या आत हवेत विरून जायचं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती ते आसपासच्या हवेतून काढून घेतं आणि हवा गार होते. माठातलं पाणी गार होतं ते असंच, घामाने माणूस गार होतो तोही असाच. बाहेर सेहेचाळीस असताना पेठेत छत्तीस. पहिल्याच उन्हाळ्यात लोकांनी भर दुपारी गल्लीत खाटा टाकून पत्ते कुटले. मुख्याधिकाऱ्यांनी मनोऱ्यापुढे नारळ वाढवला, वैजयंतीला शाल दिली. शाल! त्या उन्हात!

वैजयंतीचा नवरा प्रफुल्ल कोरब्याच्या कोळसाखाणीत सर्वेअर होता, दोन-दोन महिन्यांनी घरी येई. "आमच्या घरात एक जण हवा तापवते अन् एक जण थंडी करते," डोमाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "मी मधात बसून पाहतो, कोण जिंकते ते."

झुळुकीला बटणं नव्हती. तिच्याशी बोलावं लागे. वैजयंतीने तिला मराठी शिकवली होती आणि ती नम्रपणे उत्तरही देई. गेल्या वर्षी बाहेरच्या कुठल्याशा कार्यालयात बसलेल्या कुठल्याशा साहेबाने पाणी वाचवायला म्हणून मोबाइलवरून झुळूक बंद केली होती. ऐन दुपारी. त्यानंतर गावाने सभा भरवून ठराव केला की झुळुकीला हुकूम द्यायचा तो फक्त मनोऱ्याखालच्या केबिनमधून, आणि दोनच माणसांच्या आवाजात. फोनमधून आलेला आवाज ती मानतच नसे. एक वैजयंती. दुसरा गावाचा माणूस म्हणून डोमाजी. इंजिनिअर कधीही बदलून जाईल, कूलरवाला कुठे जातोय, असा सरळ विचार होता. वैजयंतीने हसत हसत सासऱ्याचा आवाज यंत्रात भरून घेतला होता.

त्या दिवशी सकाळी गच्चीवरच्या कुरडया वाळल्या नव्हत्या. आदल्या दिवशी घातलेल्या कुरडया, वैशाखात, ओल्याच. वैजयंतीने एक उचलली, ती बोटाला चिकटून आली.

"मामाजी, आज हवा बरी नाही," चहा देताना ती म्हणाली. "वारा पार पडलाय. मी टेकडीवर जाते. टाकीचा दाब चुकीचा दाखवतोय. तोवर तुम्ही केबिनमध्ये बसा."

"तुह्या केबिनमध्ये बसलो का मले इंजिनिअर झाल्यासारखं वाटते. डोकं दुखते."

"आणि पाणी चढवू नका. आहे तसं राहू द्या."

"मी कायले चढवू? मी काय नवीन हाओ का?" त्यांनी डबा उचलला, टोपी घातली आणि निघाले. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्यांची चाल अशी होती की पत्र्याचा कूलर खांद्यावर घेऊन निघालेत.

टेकडी गावाबाहेर होती. टाकीची राखण केसर मडावी नावाची बाई करी. अंगाने थोराड, बोलायला तिखट. वैजयंती स्कूटरवरून उतरली तेव्हा केसर पदराने मान पुसत होती, आणि पुसलेली मान लगेच पुन्हा ओली होत होती.

"कसला उन्हाळा म्हणावा हा, बाई? कोणी अंगावर ओलं घोंगडं टाकल्यासारखा."

वैजयंतीने टाकीच्या भिंतीला टेकून हातातल्या टॅबचा पडदा उघडला. पेठेतल्या खांबांवर बसवलेल्या यंत्रांचे आकडे त्यावर येत. एक आकडा पाहून तिने पडदा पुसला, जणू डाग पडला असावा. आकडा तसाच राहिला.

हवामान पाहणाऱ्यांकडे पारे दोन असतात. एक कोरडा, जो आपण बातम्यांत ऐकतो आणि नातेवाइकांना सांगतो. दुसरा ओला: पाऱ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेला. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि हा पारा खूप खाली राहतो. हवा दमट झाली की पाणी उडेनासं होतं आणि ओला पारा कोरड्याच्या मागे मागे चढू लागतो. माणसाचं शरीर म्हणजे हा ओला पाराच. तो पस्तिसाला टेकला की घाम नुसता वाहतो, गार करत नाही. सावलीत बसा, पंखा लावा, तांब्याने पाणी प्या, आतली उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. धडधाकट माणूससुद्धा काही तासांत संपतो. म्हातारी माणसं, लहान मुलं, त्याच्या बरीच आधी.

पळसघाटला हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांच्या रखरखीत उन्हाळ्यात ओला पारा कायम खालीच असे. पण जगभरच्या धुराड्यांनी, गाड्यांनी, भट्ट्यांनी आणि प्रफुल्लच्या खाणीसारख्या हजारो खाणींतल्या कोळशाने पिढ्यानपिढ्या जो कर्बवायू वर सोडला, त्याची गोधडी पृथ्वीवर जाड होत गेली होती. गोधडीखाली समुद्र तापले. तापलेला समुद्र जास्त वाफ सोडतो. यंदा ती वाफ पावसाच्या पुष्कळ आधी, भर वैशाखात, उपसागराकडून आत शिरली होती.

आणि तिच्यात झुळूक आपली भर घालत होती. खरं तर झुळूक हवेतली उष्णता नाहीशी करत नसे, वाफेत दडवून ठेवत असे. एरवी वारा ती वाफ उचलून गावाबाहेर नेई. आज वारा नव्हता. वाफ हिरव्या जाळ्यांखाली कोंडली होती आणि तापलेल्या भिंती, डांबर, टिनाची छपरं तिला खालून पुन्हा शेकत होती. टेकडीवर ओला पारा तीस होता. पेठेत तेहतीस, आणि चढता.

वैजयंतीने केबिनमध्ये फोन लावला.

"मामाजी, झुळूक थांबवायची. आत्ता."

"काऊन?" डोमाजी हसले. "बाहेर येऊन पाय. सारी पेठ गारव्याले येऊन बसली. मनोऱ्यावर अडतीस दाखवून राह्यलं. अन् बाहेर चव्वेचाळीस."

"तो आकडा खरा आहे, पण त्याच्यावर जाऊ नका. तुमचा घाम वाळतोय का?"

"घाम?" ते थबकले. "घाम कुठचा अन् झुळूक कुठची, कसं समजावं? सारं अंग ओलंच हाये."

वैजयंतीने पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. "पावसाळ्यात तुम्ही गिऱ्हाइकाला कूलर लावू देत होतात का?"

"छ्या! पावसाळ्यात कूलर लावला का माणूस चिकट होते. जीव घाबरते."

"आज पेठेत तसंच झालंय, मामाजी. सगळ्या गावाला पावसाळ्यात कूलरपुढे बसवलंय आपण. जीव घाबरण्यावर थांबणार नाही."

पलीकडे खुर्ची करकरली. मग म्हातारा म्हणाला, "गाव शिव्या देईन."

"देऊ दे."

"तू म्हणते म्हणून. थांब, सांगतो तिले."

त्यांनी फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग दुरून त्यांचा तो खास, मान राखून बोलायचा आवाज, जो ते देवापुढे आणि झुळुकीपुढेच लावत. शब्द कळले नाहीत. झुळुकीने काहीतरी गोड उत्तर दिलं.

"झालं," डोमाजी फोनवर परत आले. "सांगितलं."

वैजयंतीने भिंतीला डोकं टेकलं. आता जाळ्या काढायला माणसं हवीत, दवाखान्याला कळवायला हवं, असा विचार तिच्या डोक्यात सुरू झाला आणि तेवढ्यात तिच्या पायाखालची जमीन गुणगुणू लागली.

टाकीखालून पेठेकडे जाणारा मोठा नळ. त्याच्या आवाजावरून केसर पाण्याचा अंदाज सांगत असे. आता तिने नळावर हात ठेवला आणि वैजयंतीकडे पाहिलं.

"बाई, थांबवलं म्हणता ना तुम्ही? मंग हा कायले गर्जून राह्यला?"

वैजयंतीने पुन्हा फोन लावला. तो उचलायला मघापेक्षा जास्त वेळ लागला.

"मामाजी, तिला नेमकं काय म्हणालात? शब्द सांगा."

"काय म्हणणार? म्हटलं, माय, लय केलं तू आमच्यासाठी. आता वाढवा."

वैजयंतीने नळाकडे पाहिलं.

दुकान कोणी बंद करत नाही, वाढवतात. हातातली बांगडी फुटली तर ती वाढली म्हणायचं. ज्याच्यावर घर चाललं, ज्याने निवारा दिला, त्याला 'बंद' म्हणणं म्हणजे आपल्याच तोंडाने अभद्र बोलणं. डोमाजींनी जन्मभर रोज संध्याकाळी आपलं दुकान वाढवलं होतं. गावाला जगवणाऱ्या झुळुकीला ते दुसरं काय म्हणणार? आणि वैजयंतीने यंत्राला मराठी शिकवताना ढिगाने वाक्यं भरली होती, पण 'वाढवा'पाशी तिच्या डोळ्यांपुढे पंख्याचं बटण होतं. तिच्या स्वतःच्या आईनेही तिच्या लग्नाच्या गडबडीत वाढलेल्या बांगडीचे तुकडे पदरात गोळा केले होते. ते तेव्हा तिला आठवलं नव्हतं. चढवणं आणि संपवणं आपल्या भाषेने एकाच शब्दात ठेवलंय, आणि यंत्राला त्यातलं एकच ऐकू येत होतं.

"मामाजी, नीट ऐका. तिला म्हणा, 'बंद कर'. असंच म्हणा."

"म्हटलं ना वो. अजून म्हणू? हे पाय. वाढवा!"

"वाढवत आहे," झुळूक म्हणाली. नळाची गुणगुण घोगरी झाली.

"नका! तो शब्द बोलू नका!"

"ओरडू नको." डोमाजींची जीभ जड झाली होती. "मगा मळमळ होती. आता बरं वाटते. थंडी वाजून राह्यली जराशी... प्रफुल्लची माय, खिडकी लाव वो."

प्रफुल्लची आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती.

भट्टीत थंडी वाजणं म्हणजे काय, हे वैजयंतीला ठाऊक होतं. डोक्यातला पाराच बिघडला होता.

"मामाजी, एकच शब्द. बंद. माझ्यामागे म्हणा. बंद."

"बं... वन..."

"आवाज ओळखता आला नाही," झुळूक म्हणाली. "कृपया पुन्हा बोला."

वैजयंतीने एका फोनवर त्यांना धरून ठेवलं आणि केसरच्या फोनवरून मुख्याधिकाऱ्यांना गाठलं. सोनटक्के हा माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक गोष्ट आधी स्वतःच्या खुर्चीवरून मोजायचा.

"मॅडम, पेठेत अडतीस आहे. धुकं थांबलं की चव्वेचाळीस होईल. लोक मला जिवंत ठेवतील?"

"सर, ओला पारा चौतिसाकडे चाललाय."

"ओला पारा लोकांना दिसत नाही ना!"

"माणसं पडलेली तर दिसतील? मनोऱ्याखाली बघा. आमचे मामाजी केबिनमध्ये आहेत, बेशुद्ध होतायत. दार आतून लागलेलं असेल, तोडा, त्यांना बाहेर काढा. मी टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करतेय."

"त्याच नळावर घरांचं पाणी आहे! दवाखान्याचं आहे!"

"टँकर पाठवा," म्हणून तिने फोन ठेवला.

व्हॉल्व्ह टाकीच्या पायथ्याशी, सिमेंटच्या खड्ड्यात होता. बैलगाडीच्या चाकाएवढं लोखंडी चाक. झुळूक आल्यापासून सगळं तिच्याच हुकमाने विजेवर उघडझाप होत होतं, त्या चाकाला कोणी हात लावला नव्हता. केसरने लुगड्याचा ओचा खोवला आणि खड्ड्यात उतरली. दोघींनी जोर लावला. चाक ढिम्म. केसरने त्याला एक गावठी शिवी दिली, पाठ टेकवून पायाने रेटलं, तेव्हा कुठे ते करकरत बोटभर सरकलं.

फोन खड्ड्याच्या काठावर होता, आवाज मोठा करून ठेवलेला.

"लावली का खिडकी?" डोमाजी विचारत होते.

"लावली जी," वैजयंतीने खालून ओरडून सांगितलं.

"त्या बुटीबोरीच्या पाहुण्याचा कूलर राह्यला. लग्न हाये त्यांच्या घरी."

"होईल तो. तुम्ही बोलत राहा. कसा कूलर हवाय त्यांना?"

"मोठा. मांडवात ठेवाले." मग काहीतरी पत्र्याबद्दल, मग प्रफुल्ल शाळेतून आला का म्हणून. वैजयंती प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती आणि चाक ओढत होती. घाम डोळ्यांत जात होता आणि वाळत नव्हता. नळाची घरघर हळूहळू उतरत होती.

मग फोनवरचा आवाज वाक्याच्या मध्येच थांबला.

"मामाजी?"

काही नाही. फक्त झुळूक शांतपणे म्हणत होती, "आपण काही बोललात का?"

चाक अर्ध्यावर आलं होतं.

"जा तुम्ही," केसर म्हणाली. "स्कूटर हाये ना? जा, सासऱ्याले पाहा. मी फिरवते."

"तुमच्या एकटीने फिरेल?"

केसरने हात चाकावर ठेवून एकटीने जोर लावून पाहिला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, चाक हललं नाही. तिने मान खाली घातली.

वैजयंतीने गावाकडे पाहिलं. पेठेवर पांढरं धुकं झाकण घातल्यासारखं बसलं होतं, फक्त मनोऱ्याचं टोक वर आलेलं. त्याच्या तळाशी तिला लग्नानंतर पहिल्या दिवशी 'तुले कुठं जायचं असन तं मले सांगजो, सासूले नको विचारू' म्हणणारा माणूस पडला होता. तिथवर जायला स्कूटरने किती वेळ लागेल हे तिला माहीत होतं. अर्धा उघडा नळ तेवढ्या वेळात पेठेत किती वाफ ओतेल, हेही.

"ओढा," ती म्हणाली.

दोघींनी चाक ओढलं. पुन्हा ओढलं. वैजयंतीने नंतर प्रफुल्लला सगळं सांगितलं, पण ते उरलेलं अर्धं चाक कसं फिरलं ते तिला सांगता आलं नाही. एवढंच आठवत होतं की ती रडत नव्हती, आणि केसर रडत होती.

नळ गप्प झाला.

केसरला मागे बसवून वैजयंती पेठेत पोचली तेव्हा धुकं विरत होतं आणि मनोऱ्यावरचा आकडा वर चढत होता. एकोणचाळीस. एक्केचाळीस. लोक त्या आकड्याकडे बोट दाखवून ओरडत होते. काही जण ओरडतही नव्हते. खाटांवर, ओट्यांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं नुसती बसली होती, लाल चेहऱ्याने, तोंड उघडं टाकून. गारव्याला म्हणून आलेली माणसं.

"हिनंच बंद केलं!" मिरचीवाली चंद्रभागा हात नाचवत पुढे आली. "मारतं का आम्हाले?"

"चंद्रभागाबाई, या आकड्याकडे बघू नका. तुमच्या आईकडे बघा. उठवा तिला. उठतेय का?"

चंद्रभागेने वळून ओट्यावरच्या म्हातारीला हलवलं. म्हातारी एका बाजूला कलंडली. मग चंद्रभागेने जी किंकाळी फोडली तिने वैजयंतीच्या शंभर भाषणांचं काम केलं.

"जाळ्या फाडा!" वैजयंती ओरडली. "वरची हवा येऊ द्या. आणि जे उठत नाहीत त्यांना संत्र्यांच्या शीतगृहात न्या. हातगाड्या घ्या!"

विळे, कोयते, कात्र्या निघाल्या. हिरव्या जाळ्या फाटून लोंबू लागल्या. शीतगृह गल्लीच्या टोकाला होतं, त्याचा मालक बाहेरगावी. वैजयंती तिथे पोचली तेव्हा दारापुढे चक्क सोनटक्के उभे होते. शर्ट घामाने छातीला चिकटलेला, हातात कुलूप तोडायची पहार.

"मला वाटलं अडतीस म्हणजे अडतीस," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "तुमच्या सासऱ्यांना बाहेर काढताना माझा ड्रायव्हर पडला. तिशीतला पोरगा." आणि त्यांनी पहार घातली.

आत संत्र्यांच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या. त्यांच्या मधल्या वाटेत एकेक माणूस आणून निजवत होते, मानेखाली, काखेत गार फडकी घालत होते. डोमाजी तिसऱ्या हातगाडीवरून आले. डोळे अर्धे उघडे, अंग तव्यासारखं. वैजयंतीने त्यांचा सदरा फाडून काढला, ओलं पोतं छातीवर टाकलं आणि ते बदलत राहिली. त्या शीतगृहाचं यंत्र कोळशाच्या विजेवर चालत होतं आणि आतली सगळी उष्णता मागच्या भिंतीतून बाहेरच्या गल्लीत ओतत होतं. वैजयंतीला ते कळत होतं. तिने केसरला सांगून यंत्राचा काटा शेवटपर्यंत फिरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढू लागली तेव्हा दवाखान्याच्या खाटेवर डोमाजींनी डोळे उघडले. हाताला सलाइन होतं. त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग पंख्याकडे. पंखा कोणत्या कंपनीचा ते न्याहाळल्यासारखं. मग वैजयंतीकडे.

"किती गेले?"

त्यांना कसं कळलं, हे तिने विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं.

"नऊ."

"कोण कोण?"

तिने नावं सांगितली. चंद्रभागेच्या आईचं नाव ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"मी काय बोललो ते आठवते मले. मंग सोनटक्के साहेब कोणाले तरी त्या 'वाढवा'चं सांगत व्हते, तेही ऐकलं." आवाज खरखरीत होता, पण जागेवर आलेला. "माह्या शब्दानं गेले?"

वैजयंतीने रात्रभर या प्रश्नासाठी एक मऊ उत्तर तयार केलं होतं. ते तोंडात आलं आणि तिला बेचव वाटलं.

"हवेनं किती गेले, माझ्या यंत्रानं किती आणि तुमच्या शब्दानं किती, हे कोणालाच वेगळं काढता येणार नाही, मामाजी. पण तुम्ही बोललात आणि पारा चढला. हो. आणि तिला तो शब्द तसा शिकवला मी."

त्यांनी मान हलवली.

"तू कुठं व्हती?"

"टाकीवर. तुमचा आवाज बंद पडला तेव्हा चाक अर्धं फिरलं होतं. मी आले नाही."

"मी असतो तं आलो असतो," डोमाजी म्हणाले. "सारं सोडून. तुले घ्यायले."

"माहीत आहे."

"अन् पेठ मेली असती."

त्यांनी सलाइनचा हात जरासा सरकवला, तिच्या बोटांना टेकेल एवढाच, आणि तिथेच ठेवला.

खिडकीतून गलका येऊ लागला होता. शिट्ट्या, घोषणा, भांड्यांचे आवाज.

"कोण हाये?"

"लोक आहेत. मनोऱ्यापुढे. झुळूक सुरू करा म्हणतायत." वैजयंतीने डोळे चोळले. "आजही वारा नाही. दुपारपर्यंत कालच्यासारखंच होणार. शाळा उघडल्यात, शीतगृह उघडलंय, नदीकाठी मांडव घातलाय, पेठ सोडून तिथे चला म्हणून सकाळपासून सांगतेय. सोनटक्केही सांगतायत. कोणी हलत नाही. म्हणतात, तुम्ही झुळूक थांबवली म्हणून माणसं मेली."

"तुह्यावर दगड मारले?"

"एकच. लागला नाही."

डोमाजी कोपरावर रेलून उठायला लागले. "नर्सबाईले बोलाव. हे काढ म्हणा हातातलं."

"मामाजी, वेड लागलंय का? डॉक्टर दोन दिवस—"

"मले नाई मारत ते दगड. त्यांच्या बापाचे कूलर बांधले मी."

"आणि तिथे उभं राहून काय सांगाल त्यांना?"

"सांगीन, काल नऊ जणं मी मारले. कसे मारले तेही सांगीन. मंग ऐकतील."

वैजयंतीने त्यांचा खांदा धरला. "'आपण मारले' म्हणा, मामाजी. मी आहे त्यात. प्रफुल्ल आहे, सगळं जग आहे. एकट्याने कशाला घेता अंगावर?"

डोमाजींनी पाय खाटेखाली सोडले. क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली असावी, कारण त्यांनी खाटेची कड घट्ट धरली.

"'आपण' म्हटलं का कोणी हलत नाई, सूनबाई," ते म्हणाले. "प्रत्येकाले वाटते, दुसऱ्याले म्हटलं."

नर्स दारात येऊन उभी राहिली होती. वैजयंतीने तिच्याकडे पाहिलं, मग खाली वाकली आणि खाटेखाली गेलेली त्यांची चप्पल हाताने ओढून पायांपुढे सरळ करून ठेवली.